विमानतळावरील ॲप टॅक्सींची रांग

विमानतळावरील ॲप टॅक्सींची रांग ही मोबाइल ॲपद्वारे टॅक्सी पुरवणाऱ्या कंपन्यांनी विमानतळासारख्या गर्दीच्या ठिकाणी चालकांना भाडी वाटून देण्यासाठी वापरलेली आभासी रांग होय. विमानतळाच्या हद्दीत किंवा त्यासाठी नेमून दिलेल्या वाहनतळात चालकाने प्रवेश केला की ॲपमध्ये त्याचा क्रम नोंदवला जातो. पुढची वाहने निघतील तसा तो क्रम वर सरकतो. वाटपाचा सर्वाधिक प्रचलित नियम ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ हा आहे. हा नियम समजण्यास सोपा असून चालकांना न्याय्य वाटतो. मात्र भाड्यांच्या उत्पन्नात मोठी तफावत असेल, तर पुढचे चालक जवळची भाडी नाकारून लांबच्या भाड्याची वाट पाहतात. परिणामी जवळ जाणाऱ्या प्रवाशाला समोर शेकडो वाहने उभी असतानाही वाहन मिळत नाही. न्याय्यता आणि कार्यक्षमता यांतील हा पेच रांगशास्त्र, अर्थशास्त्र आणि संगणकशास्त्र या तिन्ही शाखांत अभ्यासला गेला आहे.

पार्श्वभूमी

शहरात इतरत्र ॲप टॅक्सीचे वाटप साधारणतः जवळच्या वाहनाला प्राधान्य देऊन होते. प्रवाशापासून दोन मिनिटांवर असलेले वाहन सोडून दहा मिनिटांवरचे वाहन पाठवल्यास प्रवाशाचा वेळ, इंधन आणि चालकाची रिकामी फेरी असे तिहेरी नुकसान होते. विमानतळावर मात्र हाच नियम अडचणीचा ठरतो. सर्व प्रवासी टर्मिनलच्या दारातूनच बाहेर पडत असल्याने दाराच्या सर्वांत जवळ राहणाऱ्या चालकाला भाडे मिळते. त्यामुळे प्रत्येक चालक टर्मिनलसमोर घिरट्या घालू लागतो किंवा जवळच्या गल्ल्यांत वाहन उभे करतो. यातून वाहतूककोंडी होते आणि आसपासच्या रहिवाशांनाही त्रास होतो.

यावर उपाय म्हणून अनेक विमानतळांनी ॲप टॅक्सींसाठी टर्मिनलपासून काही अंतरावर स्वतंत्र वाहनतळ नेमून दिले. त्या वाहनतळातील सर्व वाहने प्रवाशापासून जवळपास सारख्याच अंतरावर असल्याने ‘जवळचे वाहन’ या कसोटीला अर्थ उरत नाही आणि आगमनाचा क्रम हीच स्वाभाविक कसोटी ठरते.

विमानतळावरील टॅक्सीरांगेचा प्रश्न ॲपच्या आधीपासूनचा आहे. न्यू यॉर्कच्या जॉन एफ. केनेडी विमानतळावर टॅक्सी मध्यवर्ती वाहनतळात रांगेने थांबतात. तासन्‌तास थांबल्यानंतर वाट्याला शेजारच्या वस्तीतील भाडे आले, तर चालकाचा दिवस वाया जातो. म्हणून तेथे जवळचे भाडे मिळालेल्या चालकाला विशेष चिठ्ठी देण्याची पद्धत रुळली. ठरावीक वेळेत परतल्यास त्याला पुन्हा पूर्ण रांगेत थांबावे लागत नाही. लंडनच्या हीथ्रो विमानतळावरील काळ्या टॅक्सींनाही स्थानिक भाड्यासाठी अशा प्रकारची सवलत मिळत आली आहे.

रांगशास्त्रातील संदर्भ

रांगांच्या गणिती अभ्यासाचा आरंभ डॅनिश गणितज्ञ आग्नर क्रारूप एर्लांग यांच्या १९०९ मधील दूरध्वनी वाहतुकीवरील लेखापासून मानला जातो. प्रारंभीच्या अभ्यासात रांगेतील घटक निर्जीव मानले जात: येणाऱ्या दूरध्वनीला स्वतःची पसंती नसते. १९६९ मध्ये पिन्हास नाओर यांनी रांगेत शिरायचे की नाही हे स्वतः ठरवणाऱ्या माणसांचा विचार केला. प्रत्येक जण केवळ स्वतःचा लाभ पाहून रांगेत शिरतो आणि आपल्यामुळे इतरांना होणारा विलंब हिशेबात धरत नाही. त्यामुळे रांग समाजाच्या दृष्टीने योग्य असलेल्या लांबीपेक्षा मोठी होते, असे त्यांनी दाखवले. रांगेत शिरण्यावर योग्य शुल्क आकारल्यास हा दोष दूर होऊ शकतो, असाही त्यांचा निष्कर्ष होता.

रांगेतील न्यायाच्या भावनेकडे रिचर्ड लार्सन यांनी १९८७ मधील लेखात लक्ष वेधले. माणसांना प्रतीक्षेच्या लांबीइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, त्रास आपल्या मागून आलेला माणूस आपल्या आधी पुढे गेल्याचा होतो. त्यामुळे सरासरी प्रतीक्षा कमी करणारी पण क्रम मोडणारी व्यवस्था लोकांना अमान्य होऊ शकते. व्यापक पातळीवर दिमित्रिस बर्टसिमस, विवेक फारियास आणि निकोलाओस त्रिखाकिस यांनी २०११ मध्ये ‘न्याय्यतेची किंमत’ ही संकल्पना मांडली. न्याय्य वाटपाचा आग्रह धरल्यास एकूण लाभात जी घट होते, तिचे मोजमाप म्हणजे ही किंमत होय.

निवडानिवडीची समस्या

ॲप टॅक्सीचा चालक बहुधा स्वतंत्र व्यावसायिक मानला जातो आणि त्याला भाडे नाकारण्याची मुभा असते. विमानतळाच्या रांगेत ही मुभा निर्णायक ठरते. पहिल्या क्रमांकावरच्या चालकाने भाडे नाकारले तरी त्याचा क्रमांक पहिलाच राहत असेल, तर नकारासाठी त्याला केवळ पुढचे भाडे येईपर्यंतचा वेळ मोजावा लागतो. जवळचे भाडे स्वीकारल्यास मात्र रांगेत घालवलेला सारा वेळ संपतो. त्यामुळे पुढच्या चालकाने चांगल्या भाड्यासाठी थांबणे हा लोभ नसून सरळ हिशेब आहे.

पुढील काल्पनिक उदाहरणावरून हा हिशेब स्पष्ट होतो. अमेरिकेतील शिकागो शहराच्या ओ’हेअर विमानतळावरून तीन प्रकारची भाडी मिळतात असे मानू. शहराच्या मध्यवर्ती भागातील लांबच्या भाड्यातून चालकाला खर्च वजा जाता ४० डॉलर, मध्यम अंतराच्या भाड्यातून २५ डॉलर आणि विमानतळाला लागूनच असलेल्या रोझमाँटमधील हॉटेलच्या भाड्यातून १० डॉलर मिळतात. प्रत्येक प्रकारचे भाडे दर दोन मिनिटांना एक या गतीने येते. चालकाच्या वेळेचे मोल तासाला १५ डॉलर, म्हणजे मिनिटाला २५ सेंट आहे.

तिसाव्या क्रमांकावरील चालकाला लांबचे भाडे मिळण्यास सुमारे ६० मिनिटे लागतील. त्या वेळेचे मोल १५ डॉलर असल्याने त्याच्या दृष्टीने तासाभरानंतरचे ४० डॉलर आणि आत्ताचे २५ डॉलर समान आहेत. म्हणून मध्यम भाडे पहिले २९ चालक नाकारतील आणि तिसावा चालक स्वीकारील. याच पद्धतीने पाहिल्यास जवळचे भाडे नव्वदाव्या क्रमांकापर्यंत कोणालाही परवडत नाही. नव्वदाव्या चालकाला तिसाव्या क्रमांकावर येण्यास आणखी ६० मिनिटे लागतात. त्यांचे १५ डॉलर वजा केल्यास मध्यम भाड्याचे मोल १० डॉलरच उरते, आणि तेवढेच त्याला जवळच्या भाड्यातून लगेच मिळते.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. जवळचे भाडे आनंदाने घेणारा चालक रांगेत असतो, पण तो रांगेच्या शेवटी असतो. आणि भाडे क्रमाने विचारत गेल्यास त्याच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी ८९ नकार येतात. प्रत्येक नकाराला १० सेकंद लागले, तरी त्यात जवळपास १५ मिनिटे जातात. मध्यम भाड्याच्या २९ नकारांनाही जवळपास पाच मिनिटे लागतात. प्रवासी दोन मिनिटांनंतर मागणी रद्द करत असेल, तर दोन्ही प्रकारची भाडी कोणालाच मिळत नाहीत. मिनिटाला सरासरी दीड प्रवासी नेण्याची शक्यता असताना प्रत्यक्षात अर्धाच प्रवासी नेला जातो. तासाच्या ९० फेऱ्यांऐवजी ३० फेऱ्या होतात.

या नुकसानीचा वाटा सर्वांवर पडतो. प्रवाशाला वाहन मिळत नाही, कंपनीचे उत्पन्न बुडते आणि चालक आपसांत वाटून घेऊ शकले असते असे काम नाहीसे होते. शिवाय उरलेल्या लांबच्या भाड्यांसाठी चालक रांगेत येतच राहतात. रांग इतकी वाढते की ४० डॉलरच्या भाड्यातील फायदा प्रतीक्षेतच संपतो. नाओर यांनी वर्णिलेला दोष येथे दिसतो: मौल्यवान भाड्याचे मोल अखेर कोणाच्याच हाती लागत नाही, ते वाहनतळात वाया जाते.

प्रचलित उपाय आणि त्यांच्या मर्यादा

गंतव्यस्थान लपवणे हा जुना उपाय आहे. भाडे स्वीकारेपर्यंत प्रवाशाला कुठे जायचे आहे हे चालकाला दाखवले जात नाही. परंतु चालक प्रवाशाला दूरध्वनी करून ठिकाण विचारतो आणि न पटल्यास फेरी रद्द करतो किंवा प्रवाशानेच ती रद्द करावी यासाठी ताटकळत ठेवतो. अशा वेळी नकार उशिरा येतो आणि त्यामुळे तो अधिक महाग पडतो. चालकाला व्यवहाराची पूर्ण माहिती न देणे हेही न्याय्य नाही, असा आक्षेप घेतला जातो.

नकाराला दंड करणे हा दुसरा उपाय होय. ठरावीक नकारांनंतर चालकाला रांगेच्या शेवटी पाठवले जाते किंवा रांगेतून काढले जाते. यामुळे नकार घटतात, पण एकाच वेळी रांगेत शिरून तितकाच वेळ थांबलेल्या दोन चालकांपैकी एकाला ४० तर दुसऱ्याला १० डॉलर मिळतात. क्रमाची समानता राखली जाते, मात्र उत्पन्न सोडतीसारखे होते.

जवळचे भाडे नेऊन परतलेल्या चालकाला रांगेत पुढचे स्थान देणे, हा केनेडी विमानतळावरील चिठ्ठीचा आधुनिक अवतार आहे. यामुळे जवळच्या भाड्याचा तोटा भरून निघतो. मात्र वेळेची मर्यादा ठेवावी लागते आणि त्या मर्यादेच्या जरा पलीकडचे भाडे सर्वांत नकोसे होते. याच्याच जोडीला काही कंपन्या विमानतळावर प्रवासी सोडणाऱ्या चालकाला रांगेत न पाठवता लगेच नवे भाडे देतात. त्यामुळे रिकाम्या फेऱ्या आणि गर्दी कमी होते. परंतु वाहनतळात थांबलेल्यांच्या दृष्टीने तो चालक रांग मोडून पुढे गेलेला असतो.

किमतीत बदल करणे हा आणखी एक मार्ग आहे. मागणी वाढल्यावर भाडे ठरावीक पटीने वाढवले, तर लांबचे भाडे जवळच्या भाड्याच्या तुलनेत आणखी आकर्षक होते. निखिल गर्ग आणि हमीद नझरझादे यांनी आपल्या अभ्यासात गुणाकाराऐवजी बेरजेच्या स्वरूपातील वाढ चालकांना सर्व भाडी स्वीकारण्यास अधिक अनुकूल असल्याचे दाखवले. प्रत्येक फेरीला सारखीच रक्कम जोडली जात असल्याने जवळच्या भाड्याचे सापेक्ष मूल्य वाढते. तथापि तफावत किमतीनेच पूर्ण मिटवायची, तर दोन किलोमीटर जाणाऱ्या प्रवाशाला जवळपास शहराच्या मध्यभागाइतके भाडे द्यावे लागेल. हे प्रवाशांना क्वचितच मान्य होते.

थेट वाटप आणि यादृच्छिक वाटप

फ्रान्सिस्को कास्त्रो, होंगयाओ मा, हमीद नझरझादे आणि चिवेई यान यांनी २०२१ मध्ये प्रसृत केलेल्या शोधनिबंधात या पेचावर प्रतीक्षेचा वेळ हेच चलन मानून तोडगा सुचवला. त्यातील पहिली पद्धत थेट वाटपाची आहे. प्रत्येक भाडे पहिल्या क्रमांकाला न विचारता ज्या क्रमांकापासून ते परवडते तेथूनच विचारले जाते. वरील उदाहरणात मध्यम भाडे तिसाव्या आणि जवळचे भाडे नव्वदाव्या चालकाला प्रथम मिळेल. उरलेली रांग टाळण्याची संधी हाच त्या चालकाचा मोबदला असल्याने तो भाडे स्वीकारतो. नकार येत नाहीत आणि तिन्ही प्रकारच्या प्रवाशांना लगेच वाहन मिळते.

या पद्धतीत प्रतीक्षेचे मोल वजा केल्यास सर्वांचे उत्पन्न समान होते. नव्वदाव्या क्रमांकावर येताच जवळचे भाडे घेणाऱ्याला १० डॉलर मिळतात. तेथून दोन तास थांबून लांबचे भाडे घेणाऱ्याला ४० डॉलर मिळतात, पण त्याच्या प्रतीक्षेचे मोल ३० डॉलर असते. तरीही ही पद्धत उघडपणे अन्याय्य वाटते. पुढच्या चालकाला काही भाडी विचारलीच जात नाहीत. त्याला घरी परतायचे असेल आणि जवळचेच भाडे हवे असेल, तरी ते मागच्याला मिळते.

म्हणून लेखकांनी यादृच्छिक वाटपाची दुसरी पद्धत मांडली. यात रांगेचे पुढून मागे असे काही गट पाडले जातात. नवे भाडे प्रथम पहिल्या गटातील कोणत्याही एका चालकाला, त्याने नाकारल्यास दुसऱ्या गटातील एकाला, याप्रमाणे मागे मागे विचारले जाते. गट तीन असतील, तर शेवटच्या गटापर्यंत पोहोचण्यास केवळ दोन नकार पुरतात. १० सेकंदांच्या हिशेबाने तो प्रवास १५ मिनिटांऐवजी २० सेकंदांत होतो.

यादृच्छिकतेमुळे चालकाचा हिशेबही बदलतो. काटेकोर रांगेत पहिल्या चालकाला प्रत्येक भाडे सर्वांआधी दिसते, त्यामुळे नकारात जोखीम नसते. गटात मात्र नाकारल्यानंतरचे चांगले भाडे आपल्यालाच विचारले जाईल याची हमी नसते. त्याच वेळी कोणत्याही भाड्याची विचारणा पुढच्या गटाला डावलून मागच्या गटाकडे जात नाही आणि नकाराला दंडही नसतो. या पद्धतीने समतोल स्थितीत साध्य होण्याजोग्या कमाल फेऱ्या पूर्ण होऊ शकतात, असे लेखकांनी सिद्ध केले. चालकांना स्वेच्छेने भाडे नाकारता येते या मर्यादेत शक्य असलेले सर्वोत्तम उत्पन्नही तिच्यातून मिळते.

या निष्कर्षांच्या पडताळणीसाठी शिकागो शहराने खुल्या केलेल्या माहितीचा वापर झाला. ॲप टॅक्सी कंपन्यांनी नोव्हेंबर २०१८ पासूनच्या फेऱ्यांची नोंद शहराला देणे बंधनकारक असून प्रवाशांच्या खासगीपणासाठी त्यातील वेळ १५ मिनिटांपर्यंत आणि भाडे अडीच डॉलरपर्यंत पूर्णांकित केलेले असते. या माहितीवर आधारलेल्या संगणकीय अनुकरणात काटेकोर क्रमापेक्षा पूर्ण झालेल्या फेऱ्या आणि उत्पन्न या दोहोंत लक्षणीय वाढ दिसून आली. चालकांच्या कमाईतील तफावतही कमी झाली.

न्याय्यतेचे विविध अर्थ

या चर्चेत न्याय्यता हा शब्द किमान तीन अर्थांनी येतो. पहिला अर्थ क्रमाचा आहे: आधी आलेल्याला आधी संधी मिळावी. दुसरा फलिताचा आहे: सारखा वेळ देणाऱ्यांना सारखे उत्पन्न मिळावे. तिसरा प्रवाशाच्या बाजूचा आहे: कुठे जायचे यावरून कोणालाही सेवा नाकारली जाऊ नये. काटेकोर रांग पहिला अर्थ पूर्णपणे जपते, पण तिसऱ्याचा बळी देते. सक्तीचा स्वीकार पहिला व तिसरा अर्थ जपतो, पण दुसरा सोडतो. थेट वाटप दुसरा व तिसरा अर्थ साधते आणि पहिल्याशी विसंगत ठरते. यादृच्छिक वाटप क्रमाचा अर्थ काहीसा शिथिल करून तिन्हींचा मेळ घालण्याचा प्रयत्न करते. त्यामुळे येथील संघर्ष न्याय्यता विरुद्ध कार्यक्षमता इतका सरळ नसून न्याय्यतेच्या निरनिराळ्या अर्थांमधलाही आहे.

भारतातील संदर्भ

मुंबई-पुण्यासह महाराष्ट्रातील शहरांत हा प्रश्न ‘भाडे नाकारणे’ या नावाने परिचित आहे. रेल्वे स्थानकाबाहेर रांगेत थांबलेल्या टॅक्सी किंवा रिक्षाने जवळचे भाडे नाकारण्यामागे विमानतळावरील चालकाचाच हिशेब असतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १७८ नुसार अशा वाहनाच्या परवानाधारकाने किंवा चालकाने नियमांचा भंग करून प्रवासी नेण्यास नकार देणे दंडनीय आहे. ॲप टॅक्सींसाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये आणि त्यानंतर सुधारित स्वरूपात २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार स्वीकारलेली फेरी सबळ कारणाविना रद्द केल्यास भाड्याच्या १० टक्के, पण कमाल १०० रुपये आकारण्याची तरतूद आहे. या तरतुदी नकार महाग करतात, मात्र जवळचे भाडे परवडत नाही हे मूळ कारण तसेच राहते.

मर्यादा आणि टीका

वरील गणिती प्रारूपांत सर्व चालकांच्या वेळेचे मोल सारखे आणि रांगेची माहिती सर्वांना उपलब्ध असल्याचे गृहीत धरलेले असते. वास्तवात कोणाला पाळी संपवायची असते, कोणाला हप्ता भरण्यासाठी दिवसाची ठरावीक रक्कम गाठायची असते. गटांच्या सीमा ठरवण्यासाठी मागणीचा अचूक अंदाज लागतो. विमाने उशिरा आल्यास तो चुकतो.

पारदर्शकता हा दुसरा मुद्दा आहे. वाहनतळातील प्रत्यक्ष रांग डोळ्यांनी पडताळता येते. आभासी रांगेतील क्रमावर, आणि त्याहून अधिक यादृच्छिक निवडीवर, चालकाला कंपनीच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो.

याशिवाय प्रतीक्षेचा वेळ चलन म्हणून वापरणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेत तो वेळ चालकच देतो. न्यू यॉर्क शहराने २०१९ मध्ये लागू केलेल्या किमान मोबदल्याच्या सूत्रात चालक प्रवासी नेण्यात किती टक्के वेळ व्यग्र असतो हे प्रमाण विचारात घेतले जाते. ते घटल्यास प्रत्येक फेरीचा किमान मोबदला वाढतो. त्यामुळे रिकाम्या वेळेचा भार काही अंशी कंपनीवर येतो. वाटपाचा नियम प्रतीक्षेची विभागणी बदलू शकतो, पण गरजेपेक्षा अधिक चालक रांगेत येत असतील, तर त्यांचा वाया जाणारा वेळ केवळ वाटप बदलून भरून निघत नाही.